समकालीन कलेतील कवटी

मृत्यू हा विषय मांडण्यासाठी चित्र, शिल्प आणि मांडणशिल्पात मानवी कवटीचा केलेला वापर. कवटी कधी चित्रविषय असते, कधी इतर साहित्यातून घडवलेला आकार, तर कधी प्रत्यक्ष हाड. जुन्या युरोपीय चित्रातली कवटी पाहणाऱ्याला ‘तूही मरणार आहेस’ एवढेच सांगत असे. गेल्या पन्नास वर्षांतल्या कलाकृतींपुढे उभे राहिल्यावर आधी वेगळेच प्रश्न पडतात : ही कशाची बनवली, कोणाची होती, आणि हिची किंमत काय? म्हणून या कलाकृतींत चिन्हापेक्षा माध्यम अधिक बोलते. कवटीचे चिन्ह तर टी-शर्टांवर आणि अंगठ्यांवर छापून केव्हाच गुळगुळीत झाले आहे.

पूर्वपीठिका : सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये ‘व्हॅनिटास’ (अर्थ : व्यर्थता) नावाचा स्थिरचित्रांचा प्रकार रुजला. कवटी, विझत आलेली मेणबत्ती, घड्याळ, उलथलेला पेला ही त्यातली ठरलेली मांडणी. त्याआधी १५३३ मध्ये हान्स होल्बाइनने ‘द ॲम्बॅसडर्स’ या चित्रात (नॅशनल गॅलरी, लंडन) पायाशी इतकी तिरपी ताणलेली कवटी रंगवली की ती चित्राच्या कडेला उभे राहून पाहिल्यावरच नीट दिसते. भारतात ही प्रतिमा मुळात नीतिपाठाची नाही. शिव, भैरव, चामुंडा यांच्याकडची कवटी हे हातातले भांडे किंवा अलंकार असते, आणि वेरूळच्या रामेश्वर लेण्यातली (क्र. २१) अस्थिपंजर शिल्पे उग्रतेसाठी घडवलेली आहेत. भारतीय कलावंताच्या कवटीला सरसकट ‘व्हॅनिटास’चे लेबल लावणारी समीक्षा म्हणूनच अपुरी पडते.

चित्रातील कवटी : अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची १९७६ ची ‘स्कल्स’ मालिका हा सोयीचा आरंभबिंदू. पॅरिसच्या जुन्या बाजारात घेतलेल्या कवटीची छायाचित्रे त्याचा सहायक रॉनी कट्रोन याने बाजूने प्रखर प्रकाश टाकून काढली आणि त्यांवरून सिल्कस्क्रीन छपाई (ताणलेल्या जाळीतून रंग दाबून केलेली) झाली. चित्रांत कवटीइतकीच तिची लांब सावलीही महत्त्वाची आहे. ही सावली बाळाच्या डोक्यासारखी दिसते, असे अनेकांनी नोंदवले आहे. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरने १९८३ मध्ये रंगवलेल्या कवट्या याच्या अगदी उलट आहेत. छायाचित्रावरून रंगवून कडा पुसट केल्यामुळे त्या शांत आणि दूरच्या वाटतात. अमेरिकन चित्रकार झाँ-मिशेल बास्कियाने रंगवलेल्या डोक्यांना ‘कवटी’ म्हणण्याची पद्धत पडली असली तरी त्यांत कातडी, दात, नसा आणि हाड एकाच वेळी दिसतात. सात वर्षांचा असताना मोटारीखाली सापडून तो रुग्णालयात होता, तेव्हा आईने त्याला शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ दिला होता. त्याचा ठसा या चित्रांवर आहे. त्याचे १९८२ चे शीर्षकहीन चित्र २०१७ मध्ये सदबीजच्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरना विकले गेले.

प्रत्यक्ष कवटी : मेक्सिकन कलावंत गाब्रिएल ओरोस्कोने ‘ब्लॅक काइट्स’ (१९९७) मध्ये खऱ्या कवटीवर पेन्सिलीने बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन काढले. सपाट जाळी गोल पृष्ठभागावर बसत नाही. कपाळावर चौकोन जवळजवळ सरळ राहतात, पण डोळ्यांच्या खोबणीत आणि गालाच्या हाडाशी ते ताणतात व आक्रसतात. हा अडथळाच कलाकृतीचा विषय झाला आहे.

ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टची ‘फॉर द लव्ह ऑफ गॉड’ (२००७) सर्वांत जास्त चर्चा झालेली कवटी. अठराव्या शतकातल्या एका पुरुषाच्या कवटीवरून प्लॅटिनमची प्रत ओतून तिच्यावर ८,६०१ हिरे (एकूण १,१०६.१८ कॅरेट) जडवले, आणि कपाळावर नासपतीच्या आकाराचा मोठा गुलाबी हिरा बसवला. जडावकाम लंडनच्या बेंटली अँड स्किनर या जवाहिऱ्यांचे. दात मात्र मूळ माणसाचेच. ब्रिटिश म्युझियममधील पिरोजाच्या तुकड्यांनी मढवलेली ॲझ्टेक कवटी हा तिचा एक स्रोत. किंमत सांगितली गेली ५ कोटी पौंड. त्याच वर्षी ती गुंतवणूकदारांच्या गटाला विकल्याचे जाहीर झाले आणि त्या गटात स्वतः हर्स्टही असल्याचे कळले. २०२२ मध्ये त्याने ती विकली गेलीच नव्हती असे सांगितले. विक्रीचा हा घोळ कलाकृतीबाहेरचा मानता येत नाही, कारण या कवटीत मरणापेक्षा बाजारच ठळक दिसतो. दात काढून टाकले असते तर ती निव्वळ दागिना उरली असती.

भारतीय कलावंत : सुबोध गुप्ता यांची ‘व्हेरी हंग्री गॉड’ (२००६) ही सुमारे एक टन वजनाची कवटी स्टीलच्या भांड्यांची आहे. पॅरिसमध्ये एका चर्चमध्ये ती प्रथम मांडली तेव्हा येणाऱ्यांना शाकाहारी सूप वाटण्यात आले. पुढे फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांच्या संग्रहातून ती २००७ मध्ये व्हेनिसच्या पालाझ्झो ग्रासी या कलादालनासमोर कालव्यावर उभी राहिली. भांडी चकाकतात, पण रिकामी आहेत. मुंबईचे जितीश कल्लाट कवटीकडे न जाता हाडांकडे वळले. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० ला गांधीजींनी केलेले भाषण त्यांनी ‘पब्लिक नोटिस २’ (२००७) मध्ये हाडांच्या आकाराच्या ४,४७९ फायबरग्लास अक्षरांत फळ्यांवर रचले.

ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रॉन म्यूकने ‘मास’ (२०१७, मेलबर्न) मध्ये शंभर महाकाय कवट्यांचे ढीग रचले. प्रत्येक दालनात रचना नव्याने करावी लागते, कारण दारे आणि छताची उंची बदलली की ढिगाचा तोल आणि अर्थ दोन्ही बदलतात.

घडण आणि चुका : कवटीत २२ हाडे असतात, ८ मेंदूभोवतीची व १४ चेहऱ्याची, खालचा जबडा सुटा असतो. नवशिके डोळ्यांच्या खोबणी फार वर काढतात. जबड्यासह पाहिल्यास त्या प्रौढ कवटीच्या साधारण निम्म्या उंचीवर येतात. नाकाचे हाड आखूड असते, पुढचा भाग कूर्चेचा असल्याने तो नाहीसा होऊन खाली नासपतीसारखे भोक उरते. बालकाच्या कवटीत चेहऱ्याचा वाटा फारच लहान असतो, म्हणून प्रौढ कवटी नुसती छोटी करून बाळाची होत नाही.

प्रत काढताना जबड्याचा साचा वेगळा घ्यावा. तळाची भोके, नाकाची पोकळी आणि खोबणींच्या मागच्या फटी आधी मळलेल्या मातीने बुजवाव्यात, नाहीतर सिलिकॉन आत शिरून साचा फाटतो. गालाच्या कमानीखाली साचा अडकतो, तिथे तो कापून उघडण्याची जागा ठेवावी लागते. सिलिकॉनचा पहिला थर पातळ लावला की हाडांच्या सांध्यांच्या नागमोडी रेषा बुडबुड्यांशिवाय उतरतात. नंतर जाड थर आणि बाहेरून प्लॅस्टरचे दोन-तीन भागांचे कवच. प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे) सिलिकॉन गंधकयुक्त क्लेला लागले की तिथे ते कायम चिकट राहते. ही सर्रास होणारी चूक आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर (घट्ट करणारे रसायन) साधारण १ ते २ टक्के. जास्त झाले तर रेझिन तापून तडकते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत पृष्ठभाग वाळत नाही.

भांड्यांचे शिल्प बांधायचे तर आत स्वतंत्र सांगाडा हवा. भांड्याचा पत्रा पातळ असल्याने सलग वेल्डिंग केले की भोक पडते, म्हणून मागच्या बाजूने सुट्या ठिपक्यांसारखे वेल्डिंगचे टाके घेतात. समुद्रकाठी आधी वेल्डच्या जागीच तांबूस डाग येतात.

खरे हाड उकळू नये, चरबी आत मुरून ते पिवळे पडते. क्लोरीनच्या ब्लीचने ते खडूसारखे भुसभुशीत होते. ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चालते.

उगम आणि कायदा : १९८५ मध्ये भारताने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोपर्यंत जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा मोठा व्यापार कोलकात्यातून चाले. त्यामुळे पाश्चात्त्य स्टुडिओंत आणि दुकानांत आढळणाऱ्या जुन्या कवट्यांपैकी पुष्कळ भारतीय असण्याचा संभव असतो. करवतीने कापून वेगळा केलेला कवटीचा वरचा भाग, जबड्याला स्प्रिंग, बाजूला छोटे हुक आणि टांगण्यासाठी पाडलेले भोक या खुणा असल्या की कवटी अध्यापनासाठी तयार केलेली होती असे समजावे. त्या माणसाची संमती घेतल्याचा कागद सहसा मिळत नाही, आणि खऱ्या कवटीवरच्या कलाकृतींपुढचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली शिल्पकार अँथनी-नोएल केली याला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधून आणलेल्या शरीरभागांवरून साचे घेतल्याप्रकरणी चोरीसाठी नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तेथील २००४ च्या ह्यूमन टिश्यू ॲक्टनुसार मृत्यूला शंभर वर्षे न झालेल्या अवशेषांच्या जाहीर प्रदर्शनासाठी परवाना लागतो. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली बेवारस मृतदेह मान्यताप्राप्त संस्थांकडेच, शरीररचनेच्या अभ्यासासाठी जातात. कलाविद्यार्थ्यांनी प्रतिकृती वापरणेच योग्य. मात्र जबडा सुटा होणारी घ्यावी, चिकटवलेल्या जबड्याच्या स्वस्त प्रतीत कानापुढचा सांधा बहुधा चुकीचा असतो.