पॅकिंग क्यूबने बॅगेत जागा वाढते का?

पॅकिंग क्यूब घेतले की बॅगेत दुप्पट कपडे मावतात, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. साधा क्यूब म्हणजे चेन लावलेली कापडी पिशवी. तिने कपडे काही आकसत नाहीत. उलट बॅगेच्या गोलसर कोपऱ्यांत पोकळी राहते, जिथे एरवी मोज्यांची जोडी सहज कोंबता येते. दुहेरी चेनचे, दाबून बसवणारे क्यूब मात्र फरक पाडतात, पण तो फक्त हवेचा. फुगीर जॅकेट चांगलंच चपटं होतं, घडी घातलेली जीन्स जवळपास तेवढीच राहते. वजन तर ग्रॅमभरही घटत नाही. क्यूबचंच वर चढतं. मी ते वापरतो, कारण रात्री एका बनियनसाठी अख्खी बॅग उपसावी लागत नाही.