पार्श्वभूमी : इंटरनेटच्या लहरींवर फोन कसा वाजू लागला

तारायंत्राचा १८८५चा कायदा आणि बिनतारी यंत्रांचा १९३३चा, या दोन जुन्या खांबांवर आपले बिनतारी इंटरनेट उभे राहिले. १९९५च्या ऑगस्टमध्ये डायल-अप, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणारे इंटरनेट, आले. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, म्हणून आज घरात वायफाय लावायला कुणाला विचारावे लागत नाही. पण खरा गुंता २०१०च्या उन्हाळ्यातला आहे.

त्या वर्षी सरकारने रेडिओ लहरींचे (स्पेक्ट्रमचे) पाठोपाठ दोन लिलाव केले. थ्रीजीचा गाजला, कारण त्यातून ६७ हजार कोटींहून अधिक रक्कम आली. दुसरा ‘ब्रॉडबँड वायरलेस अ‍ॅक्सेस’चा, म्हणजे बिनतारी वेगवान इंटरनेटच्या लहरींचा. २,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या त्या लहरी भिंतीआड कमी पडत आणि त्यांवर चालणारे हँडसेट बाजारात जवळजवळ नव्हतेच. तरी १६ दिवस बोली चढत राहिली आणि ३८,५४३ कोटी जमले. एका फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या इंटरनेट कंपनीने सगळ्या २२ सर्कलमधल्या (दूरसंचार सेवाक्षेत्रांतल्या) लहरी १२,८४८ कोटींना घेतल्या. निकाल लागला त्याच दिवशी एका बड्या उद्योगसमूहाने ती कंपनी ताब्यात घेतल्याचे जाहीर केले.

आता वादाचा मुद्दा. या लहरींवर फोनवर बोलता येणार होते की नाही? ‘फक्त डेटा’ असा शिक्का त्यांच्यावर नंतर कायमचा बसला, पण तो अर्धाच खरा. बंधन लहरींवर नव्हते, परवान्यावर होते. मोबाइल सेवेचा परवाना असलेल्याला त्याच लहरींवर कॉल देता येत होते; इंटरनेट सेवेचा परवाना असलेल्याला नाही. विजेती कंपनी दुसऱ्या गटातली. २०१३ मध्ये सगळ्या सेवांसाठी एकच असा एकीकृत परवाना आला आणि १,६५८ कोटी भरून डेटावाल्यांना आवाजाची मुभा मिळाली. ही रक्कम २००१ मधल्या प्रवेश शुल्काइतकी होती. बारा वर्षांपूर्वीचा भाव! देशाच्या महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१५ मध्ये यातला अवाजवी लाभ ३,३६७ कोटींचा मांडला.

सरकारची बाजूही पोकळ नव्हती. फोर-जीत आवाजही डेटाच्याच पुड्या होऊन जातो, मग दोहोंत भिंत घालायची कुठे? तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे बरोबरच. मात्र लिलावात बोली लावताना ‘पुढे कॉलही देता येतील’ हे सगळ्यांना सारखेच ठाऊक होते का, या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवाजाच्या परवानगीत हात घातला नाही. या लहरींवर उत्पन्नाच्या अवघे १ टक्का एवढेच असलेले वापरशुल्क मात्र फेरविचारासाठी सरकारकडे सोडले.

दरम्यान कोलकात्यात २०१२ मध्ये डोंगलवरचे फोर-जी सुरू झाले, बंगळूर आणि पुण्यातही आले, पण ते मोजक्यांनाच परवडत होते. सरकारी कंपनीला लिलावाआधीच याच सेवेच्या लहरी मिळाल्या होत्या. किंमत मात्र लिलावाची भरावी लागली आणि पुढे त्यांतल्या बऱ्याचशा तिने परत केल्या. या प्रकरणात तिचे हाल कुणी फारसे मोजत नाही.

५ सप्टेंबर २०१६ला, लिलावातली विजेती कंपनी घेणाऱ्या त्या उद्योगसमूहाची सेवा सुरू झाली ती आजन्म मोफत कॉलच्या घोषणेने, म्हणजे ज्याची एकेकाळी परवानगीच नव्हती त्याच गोष्टीने. डेटा स्वस्त झाला. काही वर्षांत बहुतेक खासगी कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या.

‘ब्रॉडबँड’ म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेग सरकारी व्याख्येनुसार २०१६ मध्ये ५१२ केबीपीएस होता. २००४ मध्ये तो २५६ होता, २ एमबीपीएस व्हायला २०२३ उजाडले. नव्या लिलावांतल्या लहरींवरचे वापरशुल्क २०२१च्या सुधारणांत काढून टाकले. २०१०च्या लहरींची २० वर्षांची मुदत २०३० मध्ये संपते.