विद्युत मोटर मोडीत काढणे (कोकण)

जळालेली, पुरात बुडालेली किंवा गंजून अडकलेली विद्युत मोटर (विद्युत् चलित्र) आतल्या धातूंसाठी फोडावी, आहे तशी भंगारात द्यावी, की रिवायंडिंग करून (आतल्या तारेचे वेढे नव्याने घालून) पुन्हा चालवावी, याचा निर्णय व त्यामागचा हिशोब. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा मोटरी मुख्यतः नारळी-पोफळीच्या बागांतले पंप, भाताच्या व पिठाच्या गिरण्या आणि बंदरांजवळचे बर्फाचे कारखाने यांतून निघतात.

शब्द : ‘मोड’ म्हणजे बदल्यात द्यायची जुनी, मोडकी भांडी. तांबट घरी आला की मोड घालून नवे भांडे घेत; ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार या व्यवहाराला जवळचा आहे. ‘भंगार’ या शब्दाचा उगम मात्र वादाचा. एक मत संस्कृत ‘भङ्ग’ (मोडणे) याकडे बोट दाखवते. पण अडचण अशी, की जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने, आणि गोव्याच्या कोंकणीत आजही ‘भांगर’ म्हणजे सोनेच. हा शब्द संस्कृत ‘भृङ्गार’ याच्याशी जोडला जातो. त्याचे ‘झारी’ व ‘सोने’ असे दोन्ही अर्थ कोशांत आढळतात. एकाच किनाऱ्यावर काही कोसांच्या अंतराने जवळजवळ एकच उच्चार सोने आणि टाकाऊ लोखंड असे दोन अर्थ देतो. सोनाराकडे आटवायला दिलेले मोडके दागिने हा दोन्ही अर्थांमधला दुवा मानता येईल, पण त्यासाठी लेखी आधार सलग मिळत नाही. दोन वेगळे शब्द उच्चारात जवळ आले असावेत आणि आजचा ‘भंगार’ हा ‘भङ्ग’ या कुळातला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

धातू : नेहमीच्या प्रेरण मोटरीत (तीन फेजांचा पिंजरा-रोटर, म्हणजे पिंजऱ्यासारख्या दांड्यांचा फिरणारा भाग, अभियंते दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ च्या सुमारास केला) बहुतेक वजन लोखंडाचे असते : बिडाची बॉडी, पोलादी शाफ्ट आणि सिलिकॉन-पोलादाच्या पातळ पत्र्यांचे स्टॅम्पिंग (कापून एकावर एक रचलेला गाभा). रोटरमधला पिंजरा बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. तो पत्र्यांत घट्ट बसलेला असल्याने हातोडी-छिन्नीने सुटा होत नाही आणि रोटर लोखंडाच्याच भावात जातो. फोडण्याचे खरे कारण म्हणजे स्टेटरमधले (न फिरणाऱ्या बाहेरच्या भागातले) वायंडिंग, म्हणजे तारेचे वेढे. लहान-मध्यम मोटरीत तांबे एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर धरतात. आकार, बनावट व वयाप्रमाणे यात बराच फरक पडतो.

वायंडिंग तांब्याचेच आहे, हे आधी पाहावे लागते. ॲल्युमिनियमच्या तारेवरील एनामलही (निरोधक लेपही) तांबूस दिसू शकते आणि काही तारांवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. म्हणून तार खरवडून भागत नाही. तोडून तिचे टोक पाहतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आणि घनता २.७० (तांब्याची ८.९६). त्यामुळे तेवढ्याच रोधाचे ॲल्युमिनियम वायंडिंग वजनाने जवळपास निम्मे भरते.

हिशोब : भाव रोज बदलतात, म्हणून इथे लोखंडाचा किलोमागे भाव १ धरून तांब्याला २०, ॲल्युमिनियमला ५ आणि अखंड मोटरीला २ असे केवळ उदाहरणादाखल मानले आहेत. २० किलोच्या मोटरीत १.६ किलो तांबे निघाले, तर फोडून ५० च्या आसपास आणि अखंड विकून ४० येतात. फरक १० किलो लोखंडाच्या किमतीएवढा. त्यातून मजुरी, छिन्नीची धार व काट्यावरची घट वजा जाते. तीच मोटर ॲल्युमिनियमची निघाली, तर फोडून कसेबसे २३ हाती लागतात. ती न फोडणेच बरे, आणि व्यापाऱ्याने ओळखायच्या आत अखंड देण्यापेक्षा आतली तार ॲल्युमिनियमची आहे हे सांगून भाव ठरवणे रास्त.

किनाऱ्यावर मजुरीचा आकडा वाढतो. खाऱ्या हवेने बोल्ट गंजून बसतात, बेअरिंग शाफ्टला धरते. ते ओढून काढणारे पुलर हे अवजार लावण्यात वेळ जातो. बीड ठिसूळ असल्याने अशा वेळी बोल्ट न उघडता बॉडी घणानेच फोडतात. मग एका बाजूची कॉइलची डोकी (गाभ्याबाहेर आलेले वेढे) छिन्नीने कापून दुसऱ्या बाजूने तार आकड्याने ओढतात. फुटलेल्या बिडाला घाटावर, कोल्हापूरच्या ओतकामात मागणी असते.

पूर : २६ जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळच्या अतिवृष्टीत महाड व चिपळूण पाण्याखाली गेले. बुडालेली मोटर बहुधा जळालेली नसते, तरीही ती घाईने भंगारात जाते, हे फार मोठे नुकसान आहे. वीज न जोडता ती उघडून गोड्या पाण्याने गाळ व मीठ धुवावे, मंद उष्णतेवर कित्येक तास वाळवावी, बेअरिंगे बदलावीत आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (निरोधन तपासणाऱ्या मापकाने) वायंडिंग व बॉडी यांमधला रोध पाहावा. जुन्या संकेताप्रमाणे १ मेगोहम पुरे मानत. १,००० व्होल्टखालच्या मोटरींना अलीकडे ५ मेगोहम अपेक्षितात. खाडीचे पाणी शिरले असेल तर धुणे टाळूच नये. राहिलेले मीठ पहिल्याच पावसाळ्यात ओल धरते.

रिवायंडिंगविषयी मतभेद आहेत. प्रत्येक वेळी कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी घटते, असा जुना समज. अमेरिका व ब्रिटनमधील दुरुस्ती-व्यावसायिकांच्या संघटनांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, तापमान आटोक्यात ठेवून (सुमारे ३७० अंश सेल्सियस) जुने वायंडिंग काढले तर घट नगण्य दिसली. चाचणी करणाऱ्यांचा या धंद्याशी संबंध लक्षात घेऊनही हे निष्कर्ष ग्राह्य वाटतात. घट होते ती बहुधा उघड्या जाळाने पत्र्यांमधला निरोधक थर जळाल्यामुळे.

तोच जाळ भंगारातही टाळायला हवा. तारेवरचे पीव्हीसी जाळल्यास डायॉक्सिने ही विषारी द्रव्ये तयार होतात आणि तांबे त्या क्रियेला उत्प्रेरक ठरते. शिवाय काळी पडलेली तार साफ तारेपेक्षा कमी भावाला जाते. जुन्या मोटरींचे तेलाचे कपॅसिटर फोडू नयेत. त्यांत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिले ही विषारी द्रव्ये असू शकतात.

पाणबुडी मोटर : बोअरवेलमधल्या पाणी भरलेल्या मोटरीत तांब्याच्या तारेवर एनामलऐवजी प्लॅस्टिकचे जाड वेष्टन असते. ते चाकूने सोलता येते, त्यामुळे जाळायची गरज पडत नाही. बाहेरचे स्टेनलेस पोलाद वेगळे ठेवावे.

नौकांवरील मोटरी : जुन्या स्टार्टरांत (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरींत) तांब्याच्या जाड पट्ट्यांची फील्ड-कॉइल (चुंबकक्षेत्र निर्माण करणारे वेढे) असते, म्हणून वजनाच्या मानाने तांबे जास्त निघते, नव्या स्टार्टरांत बहुधा कायम चुंबक असतात.