दहा ओमचा रेझिस्टर, पण कोणत्या फ्रिक्वेन्सीला?

जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये थायरिस्टरला (मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) स्नबर लावलेला असतो: एक कपॅसिटर आणि त्याला सिरीजमध्ये एक पॉवर रेझिस्टर. थायरिस्टर बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका त्यांनी झेलायचा. रेझिस्टर जळाला की तेवढ्याच ओमचा, तेवढ्याच वॅटचा आणून बसवतात. मल्टिमीटर १० ओम दाखवतो, तरीही थायरिस्टर पुन्हा उडू शकतो. मल्टिमीटर डीसीवर मोजतो. झटक्यात मात्र शेकडो किलोहर्ट्झच्या आणि त्याहून वरच्या लहरी असतात.

साधा वायरवाउंड म्हणजे सिरॅमिकच्या नळीवर गुंडाळलेली तार, म्हणजे कॉइलच. समजा तिचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला कॉइल करते तो विरोध) ५ मायक्रोहेन्री आहे. १ किलोहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम ०.०३ ओम. १ मेगाहर्ट्झला तोच ३१.४ ओम होतो आणि एकूण इम्पीडन्स (रेझिस्टन्स आणि हा अडथळा मिळून) ३३ ओमवर जातो. म्हणून स्नबरला नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टरच हवा. आयर्टन-पेरी पद्धतीत दोन तारा उलट दिशांनी गुंडाळून पॅरललमध्ये जोडतात. त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बरीचशी रद्द करतात.

माल खरोखर तसा आहे का, हे एलसीआर मीटरवर (निवडलेल्या फ्रिक्वेन्सीला इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरवर) कळतं. अडचण फिक्स्चरची, म्हणजे मोजायची वस्तू धरणाऱ्या जोडणीची. मोठ्या रेझिस्टरचे लग (जोडणीची टोकं) तयार फिक्स्चरमध्ये बसत नाहीत, मग क्रोकोडाइल क्लिपा लावल्या जातात. सुट्या तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. २० सेंटिमीटर तार म्हणजे १ मेगाहर्ट्झला सव्वा ओम! त्यापेक्षा बेकेलाइटच्या पाटीवर लगच्या अंतराने दोन पितळी बोल्ट बसवावेत. प्रत्येक बोल्टवर करंटची एक आणि व्होल्टेजची एक अशा दोन केबल आणाव्यात, आणि चारही कोॲक्स केबलची शील्ड (बाहेरची धातूची जाळी) रेझिस्टरजवळच एकमेकींना जोडावी. मीटरमध्ये केबलची लांबी बरोबर निवडावी.

मीटर अर्धा तास तापू द्यावा. मग रेझिस्टर काढून, बोल्ट आणि केबल जागेवरून न हलवता ओपन करेक्शन करावं, म्हणजे रिकाम्या जोडणीचं भटकं कपॅसिटन्स मीटर वजा करतो. शॉर्ट करेक्शनसाठी (जोडणीचा स्वतःचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स वजा करायला) त्याच बोल्टांवर तांब्याची रुंद पट्टी घट्ट आवळावी. वाकडी तार चालत नाही. पट्टीचं स्वतःचं इंडक्टन्सही वजा होतं, त्यामुळे दहा-वीस नॅनोहेन्रीच्या फरकावर वाद घालू नये.

कमी ओमला एलएस-आरएस मोड (सिरीजमधलं इंडक्टन्स एलएस आणि रेझिस्टन्स आरएस दाखवणारा) आणि शॉर्ट करेक्शन महत्त्वाचं. १० किलोओमला मात्र ओपन करेक्शन: ५ पिकोफॅरड भटकं कपॅसिटन्स १ मेगाहर्ट्झला सुमारे ३२ किलोओमसारखं समांतर बसतं. ॲल्युमिनियमच्या खोळीतल्या रेझिस्टरची खोळ मीटरच्या गार्डला (भटका करंट मोजमापाबाहेर ठेवणाऱ्या टोकाला) जोडावी. लोखंडी टेबलावर ठेवून मोजू नये, आकडा बदलतो.

१, १०, १०० किलोहर्ट्झ आणि १ मेगाहर्ट्झला वाचन घ्यावं. केबल जरा सरकवली की एलएस बदलत असेल, तर तो आकडा रेझिस्टरचा नव्हे, जोडणीचा. शिवाय १ व्होल्ट आणि १०० ओम आउटपुट असलेला मीटर १० ओममधून फक्त ९ मिलिॲम्पियर सोडतो, म्हणजे हे मोजमाप थंड रेझिस्टरचं. गरम अवस्थेतली किंमत हवी असेल, तर लोडवरून काढल्या काढल्या मोजावं.