गरोदरपणातलं अल्प मद्यपान

गरोदरपणातलं अल्प मद्यपान : दिवस गेलेले असताना कधीतरी घेतलेला वाईनचा एखादा ग्लास, अर्धी बिअर किंवा छोटा पेग बाळाला बाधतो का आणि बाधत असेल तर कुठल्या महिन्यात, हा वैद्यकातला जुना आणि अजून न मिटलेला वाद. रोजच्या किंवा भरपूर पिण्याबद्दल वाद नाही, त्याने बाळाचं कायमचं नुकसान होतं हे पक्कं आहे. एका बैठकीत चार-पाच ड्रिंक रिचवणंही आठवड्याची बेरीज कमी भरते म्हणून अल्पात धरता येत नाही. सगळी ओढाताण चालते ती 'थोडीशी' या शब्दाभोवती, आणि हा शब्द प्रत्येक देशात वेगळ्या मापाने मोजला जातो.

माप : ब्रिटनचं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ऑस्ट्रेलियाचं स्टँडर्ड ड्रिंक १० ग्रॅमचं, डेन्मार्कचं १२ आणि अमेरिकेचं १४ ग्रॅमचं. त्यामुळे डेन्मार्कच्या अभ्यासातला 'आठवड्याला चार ड्रिंक' हा आकडा उचलून तसाच ब्रिटनच्या सल्ल्याशेजारी ठेवला की हिशोब लगेच दीडपटीने चुकतो, आणि बातम्यांमधे ही चूक सर्रास दिसते. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर ४२.८ टक्के व्हिस्कीचा किंवा फेणीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम, वाईनचा १५० मिलीचा ग्लास १४-१५ ग्रॅम, पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चक्क ४१ ग्रॅम, म्हणजे पाच ब्रिटिश युनिटांच्याही वर. 'फक्त एक बिअर घेतली' या वाक्याला तसा काही अर्थ नाही ते यामुळे.

प्राचीन उल्लेख : दारू आणि गर्भ यांचा संबंध सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आला यावर बरंच लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं एकमेकांचं बघून उतरवलेलं आहे. बायबलमधे, शास्ते या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात, देवदूत शमशोनाच्या आईला द्राक्षारस पिऊ नको असं बजावतो, हा पुरावा नेहमी दिला जातो, पण तिथे कारण मुलगा जन्मापासून नाजीर म्हणजे देवाला वाहिलेला असणार हे आहे, बाळाच्या तब्येतीचा विषयच नाही. मूल होऊ द्यायचं असेल त्या रात्री नवराबायकोने वाईन घेऊ नये हा कार्थेजचा कायदा म्हणून सांगितला जातो, पण प्लेटोच्या कायद्यांवरच्या संवादात कार्थेजचा नियम मोहिमेवरच्या सैनिकांपुरता आहे, ही भर प्लेटो स्वतःची म्हणून घालतो. शिवाय ती गर्भधारणेच्या रात्रीपुरती आहे, पुढच्या नऊ महिन्यांबद्दल त्यात काही नाही, आणि बंदी नवऱ्यालाही आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर फिरणारं 'मूर्ख, दारुड्या बायकांना त्यांच्यासारखीच मुलं होतात' छापाचं वाक्य तर त्याच्या ग्रंथांत सापडत नाही, ते १६२१ साली रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने त्याच्या नावावर घातलेलं दिसतं. अर्नेस्ट एबल या अभ्यासकाने असे बरेच दावे तपासून आईच्या दारूमुळे बाळाला होणारा आजार प्राचीनांना माहीत होता असं म्हणता येत नाही असा निष्कर्ष काढला, आणि सध्या तरी तोच जास्त पटण्यासारखा आहे.

मात्र या पाश्चात्त्य चर्चेत चरकसंहिता क्वचितच येते, आणि तिथला मजकूर बायबलपेक्षा कितीतरी थेट आहे. शारीरस्थान या विभागाच्या ८व्या अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादी आहे, त्यात 'मद्यनित्या' बाईला सतत तहानलेलं, कमी स्मरणशक्तीचं किंवा चंचल चित्ताचं मूल होतं असं म्हटलंय. कमी स्मरणशक्ती आणि अस्थिर चित्त ही जोडी आजच्या वर्णनाशी इतकी जुळते की वाचणाऱ्याला मोह होतोच, पण जरा थांबायला पाहिजे, कारण त्याच यादीत सतत खारट खाणाऱ्या आईच्या मुलाला लवकर सुरकुत्या, पांढरे केस किंवा टक्कल येतं असंही आहे, तेव्हा सगळी यादी निरीक्षणातून आली असं म्हणणं अवघड. दुसरा मुद्दा 'नित्या' या शब्दाचा. यादीत गोड, आंबट, खारट सगळ्यांना हाच शब्द लावलाय, म्हणजे निषेध सवयीचा आहे, एखाद्या वेळच्या घोटाचा नाही, असा अर्थ लावता येतो. उलट त्याच स्थानाच्या ४थ्या अध्यायात गर्भिणीने मद आणणारी मद्यं घेऊ नयेत असा सरळ नियम आहे. मग मद न येईल इतपत चालेल का, हा प्रश्न ग्रंथ सोडवत नाही. गर्भपात झालेल्या बाईला मात्र कोठा शुद्ध व्हावा आणि वेदनेचा विसर पडावा म्हणून सुरा, सीधू, आसव वगैरे तिला सोसेल तितकं पाजावं असं ८व्या अध्यायातच सांगितलंय, म्हणजे ग्रंथकाराला दारूचं सोवळं नव्हतं. संहितेचा काळ ठरवणं कठीण आहे, सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या आगेमागे दोनेक शतकं धरतात. दृढबल या पुढच्या काळातल्या संपादकाने नंतर घातलेल्या भागांत शारीरस्थान मोडत नाही, त्यामुळे हा मजकूर जुन्या थरातला असावा.

१८वं ते २०वं शतक : लंडनमधे स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला तेव्हा, १७२० च्या दशकात, तिथल्या वैद्यांच्या कॉलेजाने पार्लमेंटकडे तक्रार केली की यामुळे मुलं अशक्त आणि रोगट निपजतायत. पण खरी मोजदाद केली ती लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी, १८९९ साली. १२० दारुड्या कैदी बायकांच्या ६०० मुलांपैकी ३३५ मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत गेली, तर त्यांच्याच न पिणाऱ्या २८ नातेवाईक बायकांच्या १३८ मुलांपैकी ३३. शिवाय गरोदरपणात तुरुंगात पडल्यामुळे जिची दारू सुटली तिचं ते मूल धडधाकट निघालं, असंही त्यांना दिसलं. यानंतर १९१० मधे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन आणि एथेल एल्डर्टन यांनी आईबापांच्या पिण्याचा मुलांवर म्हणावा तसा परिणाम दिसत नाही असा अहवाल काढला आणि अर्थशास्त्रज्ञ केन्ससकट बरेच जण त्यांच्यावर तुटून पडले. त्या भांडणातला मुख्य आक्षेप होता की तुलनेसाठी घेतलेली माणसं मुळात सारखी नव्हती, आणि शंभर वर्षांनी आजही भांडण तिथेच अडलेलं आहे. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर तर हा विषयच दारूबंदीवाल्यांचं खूळ म्हणून मागे पडला. इतका की १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रिट्झ फुक्स यांनी अवेळी सुरू झालेल्या कळा थांबवायला गरोदर बायकांना शिरेतून अल्कोहोल द्यायची पद्धत आणली आणि ती पुढे कितीतरी वर्षं बऱ्याच हॉस्पिटलांमधे चालली.

१९६८ साली फ्रान्समधल्या नान्त शहरात पॉल लेमवान आणि सहकाऱ्यांनी दारुड्या आईबापांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं, पण ते फ्रेंचमधे आणि प्रादेशिक मासिकात असल्याने कोणी फारसं वाचलं नाही. १९७३ मधे सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांचे लेख 'लॅन्सेट'मधे आले, त्याच वर्षी 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' (आईच्या दारूमुळे बाळात एकत्र दिसणारे दोष) हे नाव पडलं आणि शोधाचं श्रेय त्यांना गेलं. लेमवान यांना ते द्यायला हवं असं आता बहुतेक जण मान्य करतात.

अपाय कसा होतो : अल्कोहोलचा रेणू लहान असल्याने तो वारेतून सहज पलीकडे जातो आणि थोड्या वेळात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास पोचतं. बाळाच्या लिव्हरला ते मोडता येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ते आईच्या शरीरानेच उपसून काढायचं असतं, आणि गर्भजलात ते साठून राहत असल्याने बाळ त्यात जरा जास्त वेळ राहतं. या सिंड्रोमच्या चेहऱ्यावरच्या तीन खुणा (डोळ्यांच्या आखूड फटी, पातळ वरचा ओठ आणि नाक-ओठांमधली उभी पन्हाळ सपाट होणं) फार लवकर ठरतात. १९८१ मधे कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवर दाखवलं की माणसाच्या गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या दिवशी अल्कोहोल दिलं की असाच चेहरा बनतो. तिसरा आठवडा म्हणजे पाळी चुकायच्या आसपासचा काळ, तेव्हा बहुतेकींना पत्ताही नसतो. म्हणून 'पहिले तीन महिने टाळा, मग चालेल' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, अवयव त्या काळात घडतात हे खरं, पण मेंदू शेवटच्या दिवसापर्यंत घडत असतो आणि त्याला सुरक्षित असा महिना सापडलेला नाही.

अल्प प्रमाणाचे अभ्यास : लंडनच्या य्व्होन केली यांनी ब्रिटनमधे सहस्रकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारो मुलांचा मागोवा घेऊन २००८ पासून दाखवलं की आठवड्याला किंवा एका वेळी एक-दोन युनिट घेणाऱ्या आयांची मुलं न पिणाऱ्यांच्या मुलांपेक्षा मागे नाहीत, तीन वर्षांच्या मुलग्यांमधे तर वागणुकीच्या तक्रारी उलट थोड्या कमीच. यावरून वाईनने मुलं शहाणी होतात असं कोणी म्हणत नाही. ब्रिटनमधे थोडी घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या आणि बऱ्या परिस्थितीतल्या असतात, तो फायदा मुलांना मिळतो आणि त्याखाली बारीक नुकसान असलंच तर ते झाकलं जातं. डेन्मार्कमधे उल्रिक केसमोडेल यांच्या गटाने २०१२ साली १६२८ आया आणि त्यांच्या पाच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास छापला, आठवड्याला आठ ड्रिंकपर्यंत बुद्ध्यांकात ठळक फरक दिसला नाही, नऊच्या वर मात्र मुलांचं लक्ष लागत नाही असं आढळलं. आणि गंमत म्हणजे एवढं छापूनही त्यांनी सल्ला न पिण्याचाच दिला.

ही परिस्थितीची सरमिसळ टाळायची एक हुशार वाट ब्रिस्टलच्या संशोधकांनी त्याच वर्षी काढली. दारू पचवणाऱ्या जनुकांचे प्रकार जन्मतःच वाटले जातात, त्यांचा शिक्षणाशी किंवा पगाराशी संबंध नसतो, म्हणून त्यांनी चार हजारांवर मुलांमधे हे प्रकार आणि आठव्या वर्षाचा बुद्ध्यांक ताडून बघितला. आठवड्याला एक ते सहा युनिट घेतलेल्या आयांच्या मुलांमधे दारू हळू पचवणारा प्रकार जितक्या ठिकाणी, तितका बुद्ध्यांक किंचित कमी, आणि न घेतलेल्यांच्या मुलांमधे असं काहीच नाही. फरक अशा दर ठिकाणामागे दीड-दोन गुणांचा, म्हणजे एखाद्या मुलामधे ओळखूही न येणारा, पण रचनेमुळे हा पुरावा साध्या पाहणीपेक्षा वजनदार मानायला हवा. २०१७ मधे मेलबर्नच्या एका अभ्यासात वर्षाच्या बाळांचे त्रिमितीय फोटो कॉम्प्युटरने मोजल्यावर थोड्या पिण्यानेही चेहऱ्यात डोळ्यांना न दिसणारे बदल सापडले, त्यांचा पुढे काही अर्थ आहे का ते ठरलेलं नाही. ब्रिस्टलच्याच २०१७ च्या आढाव्यात आठवड्याला ३२ ग्रॅमपर्यंत पिणाऱ्यांमधे बाळ लहानखुरं होण्याची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि एवढ्या विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर कामाचे अभ्यास जेमतेम २६ भरले.

थोडक्यात अपाय सिद्ध झाला नाही आणि निर्धोक आहे हेही सिद्ध झालं नाही, ही दोन विधानं एकच नाहीत, आणि प्रयोग करून बघता येत नाही कारण गरोदर बायकांना चिठ्ठ्या टाकून दारू पाजायला कुठली समिती परवानगी देणार.

सरकारी सल्ले : अमेरिकेने १९८१ पासून अजिबात नको ही भूमिका घेतली आणि १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा सक्तीचा केला. फ्रान्समधे २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईचं चित्र असतं. ब्रिटन जास्त डळमळलं, आरोग्य खात्याने २००७ मधे टाळा म्हटलं, तर उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २००८ मधे पहिले तीन महिने सोडून आठवड्यातून एक-दोनदा एक-दोन युनिट चालवून घेतले, आणि शेवटी २०१६ मधे वैद्यकीय प्रमुखांनी न पिणंच सगळ्यात सुरक्षित असं जाहीर केलं. त्याच सल्ल्यात एक वाक्य आहे जे फार कमी उद्धृत होतं : दिवस राहिल्याचं कळायच्या आधी थोडी घेतली गेली असेल तर बाळाला धोका बहुधा कमीच आहे. हे वाक्य महत्त्वाचं, कारण डॉक्टरांकडे येणारा खरा प्रश्न बहुतेक वेळा 'घेऊ का' असा नसून 'लग्नात दोन ग्लास झाले, आता काय' असा असतो, त्यावर उत्तर कळल्या दिवसापासून बंद करा आणि घाबरू नका एवढंच आहे. ऑस्ट्रेलियाने २००१ मधे सैल केलेला सल्ला २००९ मधे परत आवळला.

भारत : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या सुमारे १.३ टक्के बायकांनी दारू घेत असल्याचं सांगितलं, त्यामुळे इकडे हा प्रश्न दवाखान्यात विचारलाच जात नाही आणि बाईही आपणहून सांगत नाही. बाटलीवरच्या सक्तीच्या इशाऱ्यात आरोग्याला अपाय आणि पिऊन गाडी चालवू नका एवढंच येतं, गरोदरपणाचा उल्लेख नाही. घरात बाळंतिणीला दिलं जाणारं दशमूलारिष्ट हे आंबवून केलेलं असल्याने त्यात स्वयंजनित अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं, पण ते औषध म्हणून घेतात आणि दारूत कोणी मोजत नाही. ते बाळंतपणानंतरचं आहे, गरोदरपणी कुठलंही आसव-अरिष्ट वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.