आत्मचरित्र आणि आठवणी यांची खिचडी करू नका

कुठलंही 'मी'वालं पुस्तक दिसलं की लोक त्याला आत्मचरित्र म्हणून मोकळे होतात, आणि वर तक्रार करतात की यात नोकरीचं काहीच नाही, मधली वीस वर्षं कुठे गेली. अहो, आठवणी आहेत त्या, नसणारच!

आत्मचरित्र काय ते माहीतच आहे सगळ्यांना. जन्म, घराणं, शिक्षण, धडपड, सगळं ओळीनं. आठवणींत मात्र त्यातलं मनात राहिलेलं तेवढंच. पानं किती आणि माणूस प्रसिद्ध का, हे फरक सोडून द्या. नावावर मात्र जरा थांबा. रमाबाई रानड्यांच्या १९१०च्या पुस्तकाचं नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', म्हणजे 'आमच्या' आणि वर 'काही', तरी लोक त्याला आत्मचरित्रच म्हणतात. गांधीजी तर 'सत्याचे प्रयोग'च्या प्रस्तावनेतच सांगतात की मला खरंखुरं आत्मचरित्र लिहायचंच नाहीये, फक्त प्रयोगांची गोष्ट सांगायचीय. ऐकतो कोण.

खरी गोची पुढे आहे. आठवणींत 'मी' दोन असतात, एक तेव्हा जगलेला आणि एक आत्ता आठवणारा. लहानपणीच्या घराचा जिना माझ्या डोक्यात अजून संपत नाही, उंच, काळोखा, वर पोचेपर्यंत धाप. मोठेपणी जाऊन मोजल्या तर पायऱ्या अकरा. आत्मचरित्रात अकराच लिहायच्या, विषय संपला. आठवणींत तो न संपणारा जिना खुशाल राहू दे, पण लिहिणाऱ्याला अकरा ठाऊक आहेत हे वाचणाऱ्याला कुठेतरी जाणवलं पाहिजे. 'आठवणीच तर आहेत' म्हणत पन्नास पायऱ्या ठोकून दिल्या तर ती थाप झाली.

वाचलेल्याचंही तेच होतं बरं का. एका कादंबरीतला काळोखातला प्रसंग मला अगदी पाठ होता, परवा पुन्हा वाचला तर तिथे भर दुपार! काळोख त्या जिन्याचा होता, तिथेच बसून वाचलेली ना मी ती. बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२च्या पुस्तकात हेच दाखवलंय, त्यानं इंग्लंडमधल्या लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली तर पुन्हा सांगताना त्यांनी तिच्यातलं अनोळखी ते गाळलं नाहीतर आपल्या ओळखीचं करून टाकलं. म्हणून आठवणींच्या पुस्तकात साल एखाद्या वर्षानं चुकलं की पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांचा मला वैताग येतो. आत्मचरित्रात बसा ना खुशाल, तिथे तो तुमचा हक्कच आहे.

आणि त्याहून जास्त वैताग येतो तो आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात पन्नाशीचं शहाणपण घालणाऱ्यांचा. 'त्या क्षणी मला आयुष्याची क्षणभंगुरता उमगली' म्हणे. आठव्या वर्षी? दोन्ही 'मी' एकाच वाक्यात कोंबले की असं होतं, अशी पानं मी सरळ उलटते.