बहुस्तर दिशायुक्त जाळी

ज्या जाळ्यात दुव्यांना दिशा असते आणि तीच ठिकाणं दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या दुव्यांनी जोडलेली असतात, ते बहुस्तर दिशायुक्त जाळं. दुव्याचा एक प्रकार म्हणजे एक थर.

सांगलीच्या हळदीचंच बघा. माल शेतकऱ्याकडनं अडत्याकडं, तिथनं व्यापाऱ्याकडं, मग दळायच्या कारखान्यात जातो, आणि पैसा बरोबर उलट्या वाटेनं येतो. एकेकटा थर घेतला तर फेरा कुठंच पुरा होत नाही, पण दोन्ही थर एकावर एक चेपले की सगळेच एकमेकांपर्यंत पोचतायत असं दिसतं. म्हणून थर कुठं बदलता येतो हे आधी ठरवायला लागतं, ते न सांगता काढलेला जोडणीचा आकडा फार कामाचा नाही.

एकाच थरात नुसत्या दिशेनं किती फरक पडतो ते २००० साली संगणकशास्त्रज्ञ ब्रॉडर आणि सहकाऱ्यांनी वेबच्या सुमारे २० कोटी पानांवर दाखवलं. दिशा सोडली तर ९० टक्क्यांहून जास्त पानं एका तुकड्यात, पण दोन्हीकडनं जाता येईल असा गाभा फक्त ५.६ कोटींचा. गाभ्यात आणणारी पानं आणि गाभ्यातनं बाहेर नेणारी पानं प्रत्येकी साधारण ४.४ कोटी, त्यावरनं ह्या आकाराला बो-टाय (मधे गाठ आणि दोन्हीकडं पंख असलेला गळ्यातला टाय) म्हणतात. कुठलीही दोन पानं उचलली तर एकाकडनं दुसरीकडं वाट असायची शक्यता जेमतेम २४ टक्के.

थरांची कल्पना मूळ कुणाची ह्यावर मतं वेगळी आहेत. भौतिकशास्त्रातली मंडळी साधारण २०१० पासनं मोजतात. पण रोथलिसबर्गर आणि डिक्सन ह्यांनी १९३९ मध्येच अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची मैत्री, भांडणं, कामातली मदत अशी वेगवेगळी जाळी काढली होती, आणि कुणी कुणाला मदत केली म्हटलं की दिशा आलीच. ‘मल्टिप्लेक्स’ नाती (त्याच दोन माणसांत एकाहून जास्त प्रकारची नाती) हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ ग्लुकमन ह्यांनी १९५५ च्या सुमारास रूढ केला. कल्पना समाजशास्त्राची आणि गणित नंतरचं, हेच जास्त पटतं. सगळ्याला एक भाषा मिळाली ती २०१३-१४ च्या आसपास, कारण तोवर जो तो आपापली नावं वापरत होता.

थर एकमेकांवर अवलंबून असले की प्रकरण नाजूक होतं. यादृच्छिक जाळ्यात, म्हणजे दुवे नुसते योगायोगानं पडलेल्या जाळ्यात, दर ठिकाणी सरासरी दुवे १ च्या वर गेले की मोठा तुकडा तयार होतो, पण परस्परावलंबी दोन थरांना २.४५५४ लागतात आणि त्याखाली सगळं एकदम कोसळतं, हे बुल्डिरेव आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं (आकडा दिशा नसलेल्या जाळ्यांचा आहे). कृष्णेचं पाणी वर उचलणाऱ्या टेंभू उपसा योजनेचे पंप विजेवर चालतात, वीज गेली की पाण्याच्या थरातला वर जाणारा दुवाच जातो. आणि उचललेलं पाणी शेतातनं झिरपून येरळा नदीला आलं, तरी येरळा कृष्णेला मिळते ब्रह्मनाळला, टेंभूच्या बरीच खाली, त्यामुळं उपसा धरला तरी तिथं पाण्याचा फेरा होत नाही.